रुमालाखालची बोटं

श्रीवर्धन, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५३. दिवेलागण.

उजव्या हाताला अजून ऊब आहे. खुळेपणा, दुसरं काय! दुकानात लागून महिना नाही झाला, आणि आज हमीदशेटनी मुंबईच्या गुजराती व्यापाऱ्याशी सुपारीचा भाव ठरवायला मला बसवलं. सगळ्यांदेखत, रुमालाखाली हात घालून; भाव बोलायचा नाही, समोरच्याची बोटं दाबून सांगायचा. पाच बोटं दाबायची, ती मी गडबडीत चारच दाबली, म्हणजे विकणाऱ्या शेटचाच तोटा. चूक कळली तशी शेटच्या कानात सांगितलं. रुमाल अजून उचलला नव्हता, त्यांना सौदा मोडता आला असता. ते शांतपणे म्हणाले, "माज्या मानसाची बोटं ती माजीच. सौदा पक्का."

माज्या मानसाची! मग पोफळीच्या वाड्यांतून बंदरावर गेलो तो जणू तरंगतच.

तिथे आगबोटीची वाट बघत तोच व्यापारी उभा. हसत म्हणाला, "आमच्याकडे ये ने. पगार काय पायजे, बोल." आणि माझ्या हातावर रुमाल टाकून आपला हात आत सारला. दुप्पट मागता आला असता. का नाही मागितला? आईला काय सांगू?

रुमालाखाली मी मूठ मिटली, ती आत्ता लेखणी धरायलाच उघडली.