साक्षीनं काढलेला जिना

निगडी प्राधिकरण,
११ मे २०२५

प्रिय रुपाली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

पत्र बघून हसशील. पण काय करू, दिवसभर तुझा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो आणि घरी आल्यावर तू माझा उचलत नाहीस. आठवडा झाला. रोहिदासराव आत्ता आंबे द्यायला आलेत, जाताना त्यांच्याच हाती देते. तुझा नवरा भला माणूस, वाचणारही नाही आणि विचारणारही नाही.

इकडं सगळं ठीक. शिबिराची पहिली बॅच काल संपली. हॉलमध्ये चपलांचा ढीग, एकेका संगणकापुढं दोन-दोन पोरं आणि सकाळभर एकच ओरडा, "मॅडम, यानं माझी भिंत पाडली!" ठोकळ्यांच्या त्या गेममध्ये पोरांनी सगळ्यांचं मिळून एक गाव उभं केलं होतं. निगडीचं बसस्टँड, उड्डाणपूल, चिखलीतली वर्कशॉपं. एकानं वॉचमनच्या केबिनमध्ये गाय बांधली होती, का ते विचारू नकोस. आपल्या साक्षीनं चाकणची कंपनी बांधली आणि शेडमध्ये ओळीनं पलंग टाकले. म्हणे, "बाबांना रात्रपाळीत झोप येते ना." मी खूप हसले होते.

ते सगळं पुसलं गेल्यावर पोरांनी पुन्हा थोडंफार बांधलं, पण पहिल्यासारखं नाही झालं.

आता त्या दिवसाबद्दल. तीन तारखेला, शनिवारी सकाळी गेम उघडला तर नुसतं हिरवं माळरान. पोरं रडायला लागली, सोडायला आलेले पालक दारात उभे. मला काहीतरी करणं भागच होतं. मी साक्षीला रागावले नाही गं, फक्त विचारलं, "काल दुपारी या संगणकावर तूच बसली होतीस ना?" ती हो म्हणाली. मग तिला सगळ्यांची माफी मागायला लावली आणि विषय संपवला. भाची म्हणून पांघरूण घातलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं. दुपारी तू न्यायला आलीस, नीलाताईंनी तुला पायरीवरच सगळं सांगितलं आणि तू तिथंच तिच्या कानशिलात दिलीस. ते काही मी करायला सांगितलं नव्हतं.

नीलाताई म्हणजे बॅचमधल्या त्या जुळ्यांची आई. त्यांनी रात्री पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "मॅडमनी स्वतःच्या भाचीलाही सोडलं नाही." दुसरी बॅच त्यावर दोन दिवसांत भरली.

असो. मुलं चुकतात, मोठ्यांनी एवढं धरून बसू नये. साक्षीला म्हणावं, मावशी रागावलेली नाही. तिची खुर्ची ठेवली आहे, पाठव.

तुझीच,
ताई


निगडी प्राधिकरण,
२२ मे २०२५

रुपाली,

आज आशीर्वाद लिहिले नाहीत. का, ते पुढं कळेल.

आज गुरुवार, विजेच्या दुरुस्तीचा वार, त्यामुळं सकाळपासून वीज नाही आणि शिबिराला सुट्टी. हॉलमध्ये तुझ्या सासूबाई, भिमाबाई, बसल्यात. त्यांच्यापुढं चहा ठेवला, "आलेच" म्हणाले आणि आत येऊन ओट्यापाशी उभ्यानं हे लिहितेय. चिखलीहून एवढ्या उन्हात आल्या, पिशवीत कैऱ्या आणि तुझी चिठ्ठी.

चिठ्ठी वाचली. मला वाटत होतं तू रुसली आहेस. तू तर माफी मागितली आहेस. "पोर माझी म्हणजे चूकही माझीच, तुझ्या क्लासचं नाव खराब झालं, तुला तोंड कसं दाखवू म्हणून फोन उचलला नाही." तू रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं गं. चार दिवस भांडलो असतो आणि मी तसंच निभावून नेलं असतं.

मी चिठ्ठी मिटतेय तोवर भिमाबाई म्हणाल्या, "पोरीनं तुमचं काय मोडलं आसंल ते आमी भरून देऊ. पर आमची पोर व्हती तशी करून द्या."

मी विचारलं, काय झालं तिला?

"बटनाला हात लावीना झालीया. लिफ्टमधी मला दाबाया लावती. मिक्सर न्हाई, टीव्ही न्हाई. म्हनती, आज्जे, माझा हात लागला की समदं जातंय."

आपली साक्षी! जिनं माझ्या वॉशिंग मशिनचं एक बटण सोडलं नाही, जिला तू "हात बांधून ठेवीन" म्हणायचीस.

रुपाली, साक्षीनं काही पुसलं नाही. मी पुसलं.

त्या शुक्रवारी पोरं गेल्यावर ती थोडा वेळ संगणकावर बसली, हे खरं आहे. तिच्या शेडचा जिना उलट्या बाजूला झाला होता, तो तिनं काढला आणि हात धुऊन जेवायला गेली. मग त्याच खुर्चीत मी बसले. सुरुवातीला मी शिकवण्यापुरतं एक गाव केलं होतं, ते काढून टाकायचं होतं. एका हातात फोन, पलीकडं कुणीतरी आई दुसऱ्या बॅचच्या वेळा विचारत होती. पडद्यानं मला विचारलंसुद्धा, नक्की पुसायचं का? मी न बघता हो केलं. पोरांचं गाव गेलं.

तेव्हा कळलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालं आहे. पण शनिवारी सकाळी ते माळरान दिसलं तेव्हा मला लख्ख आठवलं. आठवलं, आणि त्यानंतर मी साक्षीकडं वळले. या क्रमानं झालं ते. तू वाचताना क्रम चुकवू नकोस.

तू तिथं नव्हतीस म्हणून सांगते. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "मावशी, मी फक्त जिना काढला. जिना काढला म्हणून सगळं पडलं का?" नाही बाळा, एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणाले, "विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना?"

परक्या पोरावर ढकललं असतं तर त्याची आई भांडायला उभी राहिली असती. साक्षीवर ढकललं, कारण ती आपली. आपली माणसं सांभाळून घेतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर लोकांनी कौतुक केलं. नीलाताईंचा तो मेसेज मी कितीदा तरी वाचला, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस तो वाचून बरं वाटायचं.

तू मारलीस ती थप्पड माझ्या वाट्याची होती. हे वाचून तुझ्या जिवाला काय होईल ते मला कळतंय. तरी तुझ्यापासून लपवून तुला वाचवायचा हक्क आता माझ्याकडं उरलेला नाही.

तिनं सगळ्यांसमोर माफी मागितली, तर मीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. रविवारी अकराला पहिल्या बॅचच्या सगळ्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना बोलावलं आहे. ग्रुपवर आत्ताच लिहिलं, "तुमच्या मुलांचं गाव साक्षीनं नाही, मी पुसलं. आणि ते माहीत असून तिला माफी मागायला लावली." नीलाताईंनी वाचलेलं दिसतंय. हा मेसेज अजून थोडा वेळ पुसता येईल, पण मी फोन पिठाच्या डब्यावर उलटा ठेवला आहे.

रविवारी तिला आणायचं की नाही ते तिला विचार. नको म्हणाली तर ओढून आणू नकोस. आणि "मावशीला माफ कर" असं तर मुळीच शिकवू नकोस. आपण मोठ्यांनी तिला एकदा माफी मागायला लावली, तेवढं पुष्कळ झालं.

भिमाबाई बाहेरून हाका मारतायत, "अवं, च्या निवला की तुमचा!" आता बाहेर जाते, हे सगळं आधी त्यांना वाचून दाखवते आणि मग त्यांच्याच हाती देते. त्या उठून गेल्या तर रोहिदासरावांना बोलावून घेईन, पण पत्र तुला आजच मिळेल.

साक्षीला माझा एवढाच निरोप सांग. तिनं विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. नाही बाळा, जिना काढल्यानं काही पडलं नव्हतं.

"तुझीच, ताई" लिहायला गेले आणि हात थांबला.

वर्षाली