पहिल्या चौकटीतली खूण

इइयामा, ९ नोव्हेंबर

चि. तेत्सुरोस, किनुएताईचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान लाल झालेल्या झाडांवर घालवलंस आणि मग मुद्द्यावर आलास. हवा मला खिडकीतून दिसते रे. शाळा अर्धवट टाकून बाबांच्या दुकानात स्की घासत बसलेली बाई मी, मला लांबलचक वाचायला वेळ लागतो. फोन नको, पत्र लिही म्हटलं ते यंत्राच्या आवाजाने डावा कान गेला म्हणून. कविता धाड म्हणून नाही.

तर तुझ्या चिहारुला होक्काइदोत डोंगरावरच्या लॉजमध्ये हिवाळ्यापुरतं काम मिळालंय, आणि तिला एकच जोडी हवीय. यंत्राने दाबलेल्या उतारावरही चालेल आणि हद्दीच्या दोरीपलीकडच्या, न दाबलेल्या भुसभुशीत बर्फातही. हल्ली येतो तो हेच मागतो. दाबलेल्या बर्फावर बारीक कमरेची, म्हणजे मध्ये अरुंद, स्की लागते, तिची कड चावली पाहिजे. भुसभुशीत बर्फात रुंद लागते, नाहीतर नाक खुपसून बुडते. दोन्हीकडे चालणारी म्हणजे तुझा काळा कोट. लग्नाला पांढरा टाय, मयताला काळा, कोट तोच. कुठं खुलत नाही, कुठं अडत नाही.

कमरेला अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरच्या दोन जोड्या आहेत माझ्याकडे. एक लांब नि कडक, पोटात पत्रा घातलेली. जोरात जाणाऱ्याला ती घट्ट धरते, कच्च्याला भिरकावून देते. दुसरी आखूड, मऊ. शिकणाऱ्याला बरी, पण वेगात थरथरते. पोरीला मी बर्फावर शेवटची पाहिली तेव्हा ती दहा वर्षांची होती. म्हणून तुला विचारते.

उंची, वजन कळव. बूट पाठव. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड असते, तिचा नंबर त्यावरून लागतो. आणि गिऱ्हाइकाच्या कार्डावर तीन चौकटी असतात. पहिली जपून जाणाऱ्याची, तिला पकड सैल, म्हणजे पडलं की स्की सुटते नि पाय वाचतो. तिसरी सुसाट जाणाऱ्याची, तिला घट्ट, नाहीतर चालत्या वेगात सुटेल. चिहारु कुठल्या चौकटीतली ते खरं लिही. लाजू नकोस.

घरच्यांना विचारलंय म्हणून सांग.
तुझी ताई, किनुए

हामामात्सु, १६ नोव्हेंबर

ती. किनुएताईस, तेत्सुरोचा सा. न. वि. वि.

इकडे कोरडा वारा सुटला आहे. तुझ्याकडे पहिला बर्फ पडला असेल. (रागावशील, पण हवेशिवाय मला पत्र सुरूच करता येत नाही.)

आमच्या नालायक मुलीपायी तुला त्रास होतो आहे याची फार लाज वाटते. तिला कसलं येतंय, ताई! विद्यापीठाच्या स्की क्लबात चार वर्षं मैत्रिणींच्या मागे बर्फात लोळली, एवढंच. पहिल्या चौकटीत खूण केलीस तरी तिला जास्तच होईल. उंची एकशे त्रेसष्ट, वजन अठ्ठावन्न. बूट पाठवत आहे. तिची परीक्षा असल्याने तिने स्वतः लिहिलं नाही, क्षमा असावी. सोबत थोडी भाजलेली ईल मासळी आहे, तुझ्या तोंडाला लागण्याजोगी नाही, तरी गोड मानून घ्यावी.

धाकट्यावर माया आहे ती राहू दे.
तेत्सुरो

इइयामा, २८ नोव्हेंबर

चि. तेत्सुरोस आशीर्वाद.

ईल चांगली होती. उगाच तिची निंदा केलीस.

दुकानात शाळांची गर्दी आहे, थोडक्यात लिहिते. तू म्हणालास तशी पहिली चौकट, आखूड मऊ जोडी, पकड साडेचारवर. काही येत नसेल तर दोरीपलीकडे कडमडायचं कशाला, हे तिला विचार. बुटांच्या आतल्या कडा पार घासून पांढऱ्या झाल्यात. फरशीवर पाय ओढत चालते वाटतं, दटाव तिला.

जोडी आज बुटांसकट होक्काइदोला धाडली. तिथल्या दुकानात पकड एकदा तपासून घे म्हणून आत चिठ्ठी घातलीय.

पोरीला माझा पापा.
ताई

होक्काइदो, २१ डिसेंबर

ती. आत्यास, चिहारुचा नमस्कार.

स्की फार सुंदर आहेत! भुसभुशीत बर्फात बदकासारख्या तरंगतात. घट्ट बर्फावर किंचित लटपटतात, पण तो माझाच दोष असणार, मी अजून फारच कच्ची आहे. इथल्या दुकानात तपासायला सांगितलं होतंस. आत्याने स्वतः लावलेली पकड परक्या माणसापुढे ठेवायची म्हणजे तुझ्यावर अविश्वास दाखवणं, ते मला जमलं नाही. मार्चमध्ये तुझ्याकडे येते. लोणच्याची बरणी लपवून ठेव.

तुझी लाडकी (असं तूच म्हणायचीस),
चिहारु

इइयामा, ३ फेब्रुवारी

तेत्सुरो,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी आहे असं समज.

मयताला तुझा काळा कोट पाहिला. नोव्हेंबरात मी त्याचीच थट्टा केली होती. जीभ झडायला हवी होती माझी.

तू दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यापुढे वाकत होतास आणि म्हणत होतास, आमच्या नालायक मुलीने तुम्हाला तसदी दिली, माफ करा. चौथ्यांदा म्हणालास तेव्हा तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग आत गेले तर तिच्या फोटोपुढे क्लबच्या पोरी बक्षिसाचे कप मांडत होत्या. हे कुणाचे, म्हणून मी एकीला विचारलं. ती म्हणाली, चिहारुचे, शर्यतीत तिला आमच्यातलं कुणी कधी गाठू शकलं नाही.

होक्काइदोला तिच्याबरोबर हीच पोरगी होती. तिनेच सांगितलं. दोरीपलीकडे चिहारु सगळ्यांच्या पुढे होती. वरचा मऊ बर्फ एकाएकी संपला, खाली काचेसारखा गोठलेला बर्फ. स्की थरथरली आणि उजव्या पायातून सुटली. पडल्यावर नाही सुटली, तेत्सुरो. सुटली म्हणून पडली. खाली भूर्जाची झाडं होती.

साडेचार. तो स्क्रू मी फिरवला. तिला साडेसहा हवा होता आणि ती लांब, पत्र्याची जोडी हवी होती. ती अजून इथं भिंतीला टेकून उभी आहे.

ते कप कुठं होते इतकी वर्षं? मी खरं लिही म्हटलं होतं की नाही?
किनुए

हामामात्सु, १२ फेब्रुवारी

ती. ताईस,

कप कपाटात होते. पाहुणे यायचे असले की मी ते आत ठेवत असे. आपल्या माणसाला आपण चांगलं म्हणू नये, हे आईने आपल्या दोघांना शिकवलं. तू शिकली नाहीस. मी शिकलो.

तिच्या शेवटच्या शर्यतीला मी तिला न सांगता गेलो होतो. खाली गर्दीत उभा होतो. ती आली तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, काय पोरगी आहे, कुणाची हो? मी म्हणालो, माहीत नाही.

चिहारु उत्तम होती, ताई. इतकी चांगली की बघताना मला भीती वाटायची. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

तू मला क्षमा करू नयेस.
तेत्सुरो

इइयामा, २० फेब्रुवारी

चि. तेत्सुरोस आशीर्वाद.

सगळं आपल्याच डोक्यावर घेऊन बसू नकोस. त्यातही तुझा मीपणाच पुढे येतो.

बुटांच्या कडा आठवतात तुला? घासून पांढऱ्या झालेल्या? फरशीने त्या तशा होत नाहीत. वळणावर माणूस इतका आडवा झाला की बूट बर्फाला लागतो, तेव्हाच होतात. तेही आतल्याच बाजूने. पस्तीस वर्षं मी बूट हातात घेतेय. तो बूट पाहिला त्याच क्षणी माझ्या हाताला कळलं होतं, ही पोरगी पहिल्या चौकटीतली नाही. पण दुकान भरलेलं होतं, आणि बापाने लिहिलंय तर बाप जाणे, असं म्हणून मी थट्टेवारी नेलं. तू रीत पाळलीस. मी तर डोळ्यांनी पाहून खोटं केलं.

स्की काल लॉजवाल्यांकडून परत आल्या. दोन्ही. सुटलेली सापडली, ओरखडासुद्धा नाही तिच्यावर.

तिचं कार्ड काढलं. पहिल्या चौकटीतली खूण खोडली, तिसऱ्या चौकटीत केली. शेजारी तुझं वाक्य उतरवून घेतलं, चिहारु उत्तम होती. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. मग लांब जोडी हातात घेतली आणि तिच्या बुटांच्या मापाने पकड साडेसहावर लावली. दोनदा तपासली. आज गिऱ्हाईक आलं होतं, ही केवढ्याला म्हणून विचारत होतं. म्हटलं, ती दिलेली आहे.

मार्चमध्ये तू ये. ती येणार होती त्याच गाडीने. लोणच्याची बरणी मी लपवलेली नाही.
ताई