जावयाचं यंत्र आणि सुनेचं नाव

मी, हिलाल कौतिक बोरसे, वय एकाहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार साक्री, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दाब नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. जावई म्हणाले, माझ्या खोटं पकडण्याच्या यंत्रापुढे बसून खात्री करून घ्या. मी नको म्हणालो.

१. राहतं घर आणि गिरणी मुलगा गिरधर व सून लताबाई यांच्या नावे, निम्मी निम्मी. गिरणीचा पट्टा तुटला तर गिरधरने सुतळी बांधू नये, नवा आणावा. हे जिवंतपणी सांगून थकलो.

२. पत्नी कै. भागाबाईची सोन्याची पोत लताबाईला. या पोतीपायी घरात महाभारत घडलं, म्हणून खुलासा करतो.

दिवाळीनंतर पोत सापडेना. थोड्याच दिवसांत जावई रुपचंद मुंबईहून खोटं पकडण्याचं यंत्र घेऊन आले. धुळ्याला ते त्याचं केंद्र काढणार होते. ओट्यावर भाऊबंद आणि शेजारी गोळा करून त्यांनी लताच्या बोटांना तारा लावल्या. खरं बोलताना सुई कशी चालते ते आधी पाहायचं, म्हणून पहिला प्रश्न विचारला, "नवऱ्याचं नाव सांगा." सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बसलेली सून, तिला घाम फुटला. कसंबसं "गिरधर" म्हणाली आणि सुई कागदाबाहेर गेली. जावई म्हणाले, "जी नवऱ्याचं नावसुद्धा खोटं सांगते, ती पोतीचं काय खरं सांगणार?" नाव खरं होतं. मीच ठेवलं होतं.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "आबा, मी हात बी नही लावा." मला तेवढं पुरलं. बाकीच्यांना सुई पुरली. लता पारोळ्याला माहेरी निघून गेली.

होळीच्या सुमारास धुळ्याच्या ओळखीच्या सराफाने मला बोलावून पोत दाखवली. जावयांनीच ती गहाण टाकून यंत्र विकत घेतलं होतं, आणि मग त्याच यंत्राने चोर शोधायला आले होते. मुलगी प्रमिला हिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोत मी सोडवून आणली, कपाटात आहे.

लताला आणायला गेलो तर म्हणते, "ज्यासनी चारचौघांमा चोर म्हनं, त्यासनीच चारचौघांमा सांगानं." जावई म्हणतात, जावयाने सुनेपुढे मान खाली घालायची आपल्यात पद्धत नाही. तिच्यावाचून घर खायला उठतं, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

३. पोतीच्या पैशाचं म्हणून यंत्र मी ठेवून घेतलं, माळ्यावर आहे, ते प्रमिलाला. नवऱ्याला काय विचारायचं ते तिचं तिने ठरवावं.

४. माझी मोटारसायकल, जिच्यावर जावयांचा डोळा आहे, ती जावयांना. मात्र किल्ली लताकडे राहील.

५. दहाव्याला लताला मानाने बोलवावं. जावयांनी नदीवर पिंडाजवळ उभं राहून सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणावं, "पोत मी नेली, लता निर्दोष आहे." त्याआधी कावळा शिवणार नाही, ही जबाबदारी माझी. तरी कावळ्यावरही माझा पुरता भरवसा नाही, भुकेला असला की तो कशालाही शिवतो. म्हणून जावई मनापासून बोलले की नाही हे लताने सांगावं. ती हो म्हणाली की किल्ली द्यावी आणि पानं वाढावी. नाही म्हणाली तर जावयांनी पुन्हा बोलावं. सगळे उपाशी असतील, पण तिला कोणी घाई करू नये.

खालील दोघांसमक्ष सही केली. दोघेही त्या दिवशी ओट्यावर होते आणि गप्प बसले होते, म्हणून साक्षीला मुद्दाम यांनाच बोलावलं.

साक्षीदार:
सुकदेव वना देवरे (सही)
नासीर हारुन मिस्त्री (सही)

हिलाल कौतिक बोरसे (सही)
साक्री, ९ एप्रिल १९८९