संडासातलं कॅलेंडर

डोक्कम, १४ मार्च

प्रिय यित्स्के,

बरी असशील. इकडे थंडी हटायचं नाव घेत नाही. आई गेल्याचं कार्ड तुला मिळालंच असेल. मंगळवारी सगळं उरकलं. नंतर कॉफी आणि केक होता, माणसंही बरीच आली. शाउक्ये मावशीनं भर मंडळींत विचारलं, "धाकटी कुठं गं दिसत नाही?"

मी म्हटलं, "तिला लोकांनी येऊ नको म्हणून सांगितलं."

"कुठले मेले लोक? त्यांना काय घेणंदेणं?"

तेच तर. चार वर्षं मी इंटरनेटवर तुझे प्रश्न वाचतेय, यित्स्के. नाव लपवलंस म्हणून काय झालं? विणलेल्या हातमोज्याचा अंगठा वाकडा का येतो म्हणून फोटो टाकलास, त्यात मागे आपल्या घरची टवका उडालेली निळी बशी होती. तेव्हापासून सगळं वाचलं. पाव फुगत नाही, काय करू? शेजारच्या झाडाची सफरचंदं आपल्या अंगणात पडली तर ती कुणाची? लहानपणी 'ताई, ताई' करत माझ्या मागे फिरायचीस ते ह्याच असल्या प्रश्नांसाठी. आता जगाला विचारतेस, मला सोडून! कसला राग यायचा मला.

मग जानेवारीत लिहिलंस: "आई शेवटच्या दुखण्यात आहे. सात वर्षं बोलणं नाही. भांडण झालं त्यानंतर एकदा गेले होते, तर सगळ्यांच्या घरी असतं तसल्या संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर माझं नाव खोडलेलं, मेलेल्या माणसाचं खोडतात तसं. तशीच परत फिरले. आता जाऊ का?"

साठ जणांनी लिहिलं, जा बाई, जा. एकीनं लिहिलं, नको. ती म्हणे वीस वर्षं मरणाऱ्यांची सेवा करणारी नर्स. "ज्यांनी तुमचं नाव खोडलं, त्यांच्यापुढे शेवटच्या दिवसांत उभ्या राहू नका. त्यांना शांतपणे जाऊ द्या." तू तिचेच आभार मानलेस. अनुभवी माणसाचं ऐकते म्हणालीस.

वीस नाही, अकरा वर्षं. आणि नर्स नाही. आईचं हगणं-मुतणं काढायला पदवी लागत नाही.

नावही मीच खोडलं. भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, निळ्या पेननं. आईनं विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "जाताना तिनंच केलं." आई माझ्या हाताला धरून संडासाच्या उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे तिला आपल्या शुभेच्छासुद्धा नकोत." तेव्हापासून तुझ्या वाढदिवसाला तिनं फोनला हात लावला नाही. दिवसभर त्याच्या शेजारी बसून असायची मात्र.

का केलं, विचारशील. तोवर चार वर्षं मी तिला उठवलं, धुतलं, भरवलं, आणि ती हसायची ती रविवारी, तुझा फोन आला की. मला वाटलं, फोन थांबला तर ती माझ्याकडे बघून हसेल. नाही हसली.

शेवटच्या दुपारी तिनं माझा हात घट्ट धरला. नजर गेलीच होती. म्हणाली, "यित्स्के, आलीस?" मी म्हटलं, "हो आई, आले." मग ती बोलली. कधी नव्हे ती एवढी बोलली, पाऊण तास, मध्ये रडली, एकदा हसलीसुद्धा. सगळं तुझ्यासाठी होतं. मी शब्द न् शब्द ऐकला. तासाभरात गेली.

ती काय म्हणाली ते मी तुला सांगणार नाही. विचार लोकांना.

आईची शेवटची यित्स्के,
बाउक्ये