दूर्वांवर पाय

१४ जून १९५३, डोंबिवली
जमीन चांगली ओली आहे. हरळीच्या काड्या आज लावून टाकल्या. अख्ख्या अंगणात! मंदा म्हणाली, "लोक गवत उपटतात, तुम्ही लावा." म्हणो बापडी! आमचे साहेब बंगल्यापुढच्या हिरवळीवर वेताच्या खुर्च्या टाकून चहा पितात. तसा मी डोंबिवलीत पिणार. पिणारच!

२ ऑगस्ट
लव्हाळा उपटून कंबर मोडली. पण हिरवळीनं जीव धरला — काय रंग! काळुराम दूधवाल्याची म्हैस फाटकातून टक लावून बघत होती. या गावात कदर असलेलं तेवढंच एक जनावर.

९ सप्टेंबर
वेणूआत्या गणपतीसाठी नाशिकहून आली. फाटकातच किंचाळली — "अरे, ह्या तर दूर्वा! देवाला वाहायच्या, त्यांवर पाय देतोस?" आत्या, हे लॉन आहे, म्हटलं. कोण ऐकतो! तेव्हापासून सगळे कुंपणाच्या कडेकडेनं. मीसुद्धा! खुर्च्या ओटीवर पडून. आळीतल्या बायका मात्र परड्या भरभरून नेताहेत.

१८ ऑक्टोबर
ठाण्याच्या टेंभी नाक्याचे पेंडसे रविवारी आमच्या उत्तराला बघायला येणार. मुलगा श्रीपाद, बँकेत आहे. घर चांगलं. हे जमायलाच हवं. बैठक हिरवळीवर! आत्या अजून मुक्कामालाच; तिला तेवढा वेळ देवळात पाठवायचं.

२५ ऑक्टोबर
आत्या देवळात गेलीच नाही. पाहुणे फाटकात, आणि ही ओरडली — "थांबा! दूर्वा आहेत!" मुलाच्या आईनं चटकन हात जोडले. मग सगळी वरात कुंपणाकडेनं. श्रीपादचा नवा बूट शेणखताच्या खड्ड्यात — पोटरीपर्यंत! उत्तरा पोहे घेऊन दारात. मान खाली घालायची सोडून खो खो हसली. संपलं! माझं गवत पोरीच्या मुळावर आलं. जेवण गेलं नाही.

३० ऑक्टोबर
पेंडसे स्वतः आले! म्हणाले, "श्रीपाद म्हणतो, इतक्या मुली बघितल्या, मोकळी हसली ती ही एकच." उत्तराला विचारलं. तिचं हसू अजून थांबलेलं नाही. होकार! लग्न मार्गशीर्षात, आमच्याच दारात.

८ डिसेंबर
आज मुहूर्तमेढ. मांडव अंगणभर, पंगती हिरवळीवर. आत्या म्हणे, "मंगलकार्याला चालतं रे." आत्ता चालतं! नाथा मांडववाल्यानं विचारलं, "पहिला खड्डा कुठं घेऊ?" पहार मीच मागून घेतली आणि बरोबर मधोमध मारली. गवताचं काही नाही, ते पुन्हा धरेल. उत्तरा मात्र आता ठाण्याला जाणार.