ओकच्या खिळ्यावरची चकती

लून क्रीक, विस्कॉन्सिन
८ सप्टेंबर २००९

प्रिय आर्डिस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. घंटा वाजते, मला ऐकू येते, आणि मग ती थांबते. मधल्या वेळात उठावं असं काही वाटत नाही.

मी बरा आहे. जेवतो. यंदा उन्हाळा थंड गेला, मका अजून हिरवाच आहे. शेजारचा डेलबर्ट अधूनमधून येऊन बसतो, बायकोने दिलेलं कॅसरोल ठेवून जातो, आणि रिकामं भांडं न्यायला परत येतो. म्हणजे मी खातोय की नाही ते त्याला कळतं.

पत्र लिहिलं ते एका कामासाठी. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम सुरू होईल आणि मला मचाण बदलायचं आहे. माझं चढतं मचाण आता जमत नाही. वरचा भाग सरकवायचा, मग पायाखालचा ओढायचा, असं सुरवंटासारखं खोडावर चढायला गुडघे लागतात आणि माझे आता नावापुरतेच उरलेत. डेलबर्ट म्हणतो, त्याच्यासारखी खांबांवरची पेटी घे. खिडक्या, गॅसची शेगडी, फिरती खुर्ची. गेल्या वर्षी तो त्या पेटीत घोरत पडला होता आणि हरणं खाली उभी राहून ऐकत होती, असं त्याची बायकोच सांगते.

दुकानात शिडीची मचाणं आहेत, पट्ट्याने टांगायची आहेत, तीन पायांवरची आहेत. मी तासभर बघत उभा होतो. सगळी सारखीच वाटली. तू माझ्याहून जास्त हरणं मारली आहेस, तूच सांग.

लायलला नमस्कार. त्याच्या छातीला तिकडची कोरडी हवा मानवत असेल अशी आशा. माया आहे ती कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
व्हर्लिन

*

टूसॉन, ॲरिझोना
१७ सप्टेंबर २००९

प्रिय व्हर्लिन,

अनेक आशीर्वाद.

दहा महिन्यांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात काय, तर मचाण कुठलं घेऊ! लायल म्हणाला, निदान तुझी तब्येत तरी विचारायची. मी त्याला सांगितलं, आमच्या घरात तब्येत अशीच विचारतात. तरी पत्र आलं म्हणून मला किती बरं वाटलं ते सांगून ठेवते, नाहीतर तू म्हणशील, ही नुसतीच टोमणे मारते.

आता ऐक. चढतं मचाण विकून टाक. आपल्याकडे सरळसोट, बिनफांद्यांची झाडं म्हणजे पॉप्लर, आणि पॉप्लरवर नोव्हेंबरात पान नसतं. आकाशाला चिकटलेला शिकाऱ्याचा नारिंगी कोट हरणांना दिसत नसेलही, पण त्याची हालचाल बरोब्बर दिसते. तिपाई मोकळ्या रानातल्या टेक्सासवाल्यांना लखलाभ. पेटी वाईट नाही, पण ती आधी उभी करून हरणांच्या डोळ्यांना सवय व्हावी लागते, आणि एकदा ठेवली की वारा फिरला तरी ती फिरत नाही. शिवाय तू तिच्यात बसलास की डेलबर्ट जन्मभर बोलून दाखवेल.

टांगतं मचाण वाकड्यातिकड्या झाडालाही बसतं, पण त्याच्यावर जाताना खोडाला मिठी मारून पाय वर टाकावा लागतो. एकोणसत्तराव्या वर्षी ती मिठी नको. राहिलं शिडीचं. जड असतं, उभं करायला दोन माणसं लागतात, पण चढताना जिना चढल्यासारखं वाटतं आणि बसायला फळी रुंद मिळते. माझं मत शिडीला.

पण तू खरी गोष्ट लिहिलीच नाहीस. बाबा मचाण आधी कधीच निवडत नसत. झाड ठरवायचे, मग वारा बघायचे, आणि मग झाडाला काय पेलेल ते ठरवायचे. झाड कुठलं रे? ते कळव.

लायल बरा आहे. लोभ आहेच, तो जपून ठेव.

आर्डिस

*

लून क्रीक
२९ सप्टेंबर २००९

प्रिय आर्डिस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

झाड ओक. ओढ्याच्या वळणावरचा पांढरा ओक, लव्हॉनचा.

तिच्या अंत्यविधीला तू येऊ शकली नाहीस, लायल इस्पितळात होता. म्हणून तुला नीट कुणी सांगितलंच नसेल. मी सांगतो. हंगामाचा पहिला दिवस होता. सकाळी आम्ही नवरा-बायकोने मागच्या दाराजवळच्या फळीवर आपापल्या नावाच्या चकत्या लावल्या. ती फळी तुला आठवत असेल, बाबांनी केलेली, प्रत्येक झाडाच्या नावाचा एक खिळा आणि शेवटी 'घर' लिहिलेला. तिने ओकवर लावली, मी पॉप्लरवर. अंधार पडताना मी परत आलो, माझी चकती 'घर'वर आणली आणि पाहिलं तर तिची ओकवरच होती. मग कंदील घेऊन गेलो. ती मचाणावर बसलेलीच होती. सुरक्षापट्ट्याने तिला धरून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, दुपारीच कधीतरी, कळलंही नसेल. खाली काढायला लोकांनी पट्टा कापला.

तिची चकती अजून ओकवरच आहे. ज्याची चकती त्यानेच हलवायची, बाबांचा नियम. दारातून येता-जाता दिसते.

मला लोक विचारतात, कसं वाटतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा असतो, तसं वाटतं. आपलाच आहे हे माहीत असतं, एवढंच.

काल ओककडे गेलो होतो. तिचं टांगतं मचाण अजून वर आहे, कुणी काढलं नाही. पट्टे ताठ दिसले. बसायची गादीही तिथेच आहे. मग नवीन घ्यायचंच कशाला, असं मनात आलं. त्या ओकला खाली फाटा आहे, शिडी नीट टेकायची नाही. हे तयार आहे. यंदा त्याच्यावरच बसेन म्हणतो.

माया असू दे.

व्हर्लिन

*

टूसॉन
६ ऑक्टोबर २००९

प्रिय व्हर्लिन,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू इतकं सगळं एकदम कधी सांगितलं नव्हतंस. मी तेव्हा तिथे असायला हवं होतं. लव्हॉनने मला पहिल्यांदा लेफ्सेची बटाट्याची पोळी लाटायला दिली आणि माझी पोळी बघून म्हणाली होती की ही खाण्यापेक्षा छपराला लावावी. तिच्यासारखं तोंडावर बोलणारं माझ्या आयुष्यात आता कुणी उरलं नाही.

तिच्यासाठी म्हणून मीच आता तोंडावर बोलते. त्या मचाणावर बसू नकोस. पट्टे ताठ दिसले म्हणतोस! ताठ दिसणारच. झाड वर्षभर वाढलं, पट्टा नाही वाढला. ऊन, बर्फ, आणि वरून खारींचे दात. बाहेरून शाबूत दिसतो आणि आतला एक-एक धागा तुटलेला असतो. हे मी तुला शिकवायचं? दर वर्षी हंगाम संपला की पट्टे सोडून आणायचे, हे तूच डेलबर्टला ओरडून सांगायचास.

निदान बाबांचं पोतं तरी कर. जुन्या मचाणावर माणसाआधी त्याच्याच वजनाचं पोतं चढायचं, रात्रभर तिथे राहायचं आणि सकाळी उतरायचं. आपण दोघं हसायचो, म्हणायचो, या घरात पहिलं हरीण नेहमी मक्याचं पोतंच मारतं.

आता एक सरळ विचारते, आपल्याकडे असं कुणी विचारत नाही तरी. लव्हॉनचा सुरक्षापट्टा कापला. तुझा कुठे आहे? तो तू बांधणार आहेस का? आणि तुला वरून खाली यायचं आहे ना? एवढ्या एका गोष्टीचं उत्तर दे. बाकी मचाण वगैरे गेलं खड्ड्यात.

मला तू हवा आहेस, हे विसरू नकोस.

आर्डिस

*

लून क्रीक
२० ऑक्टोबर २००९

प्रिय आर्डिस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पानं गळली. ओकची अजून थोडी आहेत, त्याची सगळ्यात शेवटी जातात. यंदा ओकफळं भरपूर पडलीत, म्हणजे हरणं ओढ्याकडेच येणार. पोतं अजून केलं नाही. बघतो.

माझा सुरक्षापट्टा माळ्यावर कुठेतरी आहे. बांधायचा की नाही ते मी ठरवलेलं नाही. तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो. मला मरायचं नाहीये. पण खाली यायचंच आहे, असंही काही आत वाटत नाही. दोन्हींत फरक आहे हे मला समजतं, जाणवत नाही. त्या मचाणावर बसलं की तिने शेवटी काय पाहिलं ते दिसेल, एवढंच डोक्यात येतं. बाकी डोकं रिकामं असतं.

डेलबर्ट म्हणाला, दोघांच्या बैठकीचं शिडीचं मचाण सवलतीत आलंय. मी विचारलं, दोघांचं घेऊन काय करू. तो भांडं घेऊन गेला.

घाबरू नकोस.

व्हर्लिन

*

टूसॉन
२७ ऑक्टोबर २००९

व्हर्लिन,

आज आशीर्वाद-बिशीर्वाद काही नाही. विमानाचं तिकीट काढलं. हंगामाच्या दोन दिवस आधी पोचते. लायलजवळ त्याची बहीण राहणार आहे आणि तो मला जा म्हणतोय, म्हणजे मागे फिरायला सबबच नाही.

दोघांच्या बैठकीचं शिडीचं घे. ओकला टेकत नसेल तर समोरच्या मेपलला लाव, तिथून ओक पूर्ण दिसतो आणि वायव्येचा वारा आपल्या तोंडावर येईल. मचाण लावायला उशीर झालाय, पण तुला बघून हरणं समजून घेतील. सुरक्षापट्टे दोन आण, एक माझ्या मापाचा. आणि मी येईपर्यंत ओकवर पोतं चढलेलं नसेल, तर ऑपरेशन करून बसवलेल्या या लोखंडी खुब्यासकट मी स्वतः त्या मचाणावर जाऊन बसेन. तुझ्याआधी. तू खाली उभा राहून पट्ट्यांकडे बघ. मी असलं काही बोलून विसरत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्यावर फार जीव आहे रे माझा.

आर्डिस

*

लून क्रीक
५ नोव्हेंबर २००९

प्रिय आर्डिस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तू खरंच वर चढशील, याची मला खात्री आहे. म्हणून काल पोतं केलं.

खालून दोर फेकून हरीण टांगायची कप्पी वरच्या फांदीला चढवली, मक्याची पोती एकत्र बांधून माणसाच्या वजनाची केली आणि तिच्या गादीवर अलगद उतरवली. मचाण हललंसुद्धा नाही. मी गाडीच्या मागच्या फळीवर कॉफी घेऊन बसलो. मनात म्हटलं, बघ आर्डिस, ठीक आहे सगळं. रात्रभर ठेवायचं म्हणून निघणार होतो, एवढ्यात वरचा पट्टा गेला. आवाज फार मोठा नव्हता. कापड फाटतं तेवढाच. मचाण खालच्या पट्ट्यावर उलटं लोंबलं, मग तोही सुटला. पोती मुळांवर पडून फुटली आणि मका चहूकडे उडाला.

पट्टा उचलून पाहिला. बकलाच्या मागे, खोडाला चिकटलेल्या बाजूला, खारीने अर्धा कुरतडलेला होता. खालून दिसणारच नव्हतं.

मी तिथे उभा होतो आणि मला काही वाटलं नाही. मग लक्षात आलं की हा एवढा मका असाच राहिला तर शिकारखात्याचा वॉर्डन म्हणेल, म्हातारा हरणांना आमिष घालतोय, आणि परवाना जाईल. म्हणून गुडघ्यांवर बसून वेचायला लागलो. पानांत, मुळांच्या बेचक्यांत, ओकफळांत मिसळलेला. लव्हॉन असती तर म्हणाली असती, अख्ख्या आयुष्यात घरातला केर कधी काढला नाहीस, रानातला काढतोयस. हे तिच्याच आवाजात ऐकू आलं. वेचता वेचता मला थंडी वाजायला लागली. बोटं दुखायला लागली, कान दुखायला लागले. आर्डिस, गेला अख्खा हिवाळा मी बिनटोपीचा हिंडलो आणि मला थंडी वाजली नव्हती. काल इतकी वाजली की दात आपटत होते, आणि मग मी तिथेच मका मुठीत धरून रडलो. बराच वेळ. डेलबर्टने लांबून पाहिलं असावं. तो आला आणि माझ्या शेजारी बसून मका वेचायला लागला.

मला खाली यायचं आहे. तू विचारलं होतंस, म्हणून लिहितो.

आज डेलबर्टच्या मदतीने मेपलला शिडी उभी केली. दोघांच्या बैठकीची. सुरक्षापट्टे दोन आणले, तुझा मध्यम मापाचा घेतला. त्यावरून भांडायचं असेल तर इथे येऊन भांड. तिची गादी वाळत घातली आहे, ती तुला मिळेल.

रात्री घरात शिरताना फळीपाशी थांबलो. बाबांचा नियम मी आज मोडला. तिची चकती ओकच्या खिळ्यावरून काढली आणि 'घर'वर लावली. तिथे तुझी आधीपासून होतीच, तू टूसॉनला गेलीस तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. आता दोन्ही शेजारी आहेत.

हंगाम उघडेल त्या शनिवारी पहाटे तुझी चकती तू उचल आणि मेपलवर लाव. तिची तिथेच राहू दे.

वाट बघतो,
व्हर्लिन