मंगीचा बंद पडलेला तान्हा पोळा

२२ जुलै ७९, रविवार
मंगीले आज मार बसला. गोठ्यामागं मातीचा बैल करून राहिली होती. मी गेली तं पोट्टी बैलावरच बसली, लपवाले. फ्रॉक चिखलानं भरला, बैल सपाट. सूनबाईनं पाहिलं, दोन रट्टे दिले, मंग चुलीपुढं बसून स्वतःच रडली. मारणारीनंच रडायचं तं मारायचं कायले?

पोळ्याले एक महिना आहे. मोठा पोळा घरी होते. तान्हा पोळा, दुसऱ्या दिवशीचा, लेकरांचा, तो बंद. दोन वर्षांआधी त्याच दिवशी आमचा नातू गेला. बाळू. मंगीचा भाऊ, चार वर्षांचा. ताप आला अन् गेला. सणाले खोट लागली. आता त्याच दिवशी घरात लेकरू जन्मलं किंवा गाय व्याली, तरच खोट निघते. नारबा भाऊजी सांगतात, ह्यांचे धाकटे. रीतभात सारी त्याइच्याच खिशात.

लेकराचं म्हणाल तं आशा नाही. माहा पोरगा केशव जवाहरनगरले नोकरीवर. महिन्यातून दोनदा येते, जेवते, झोपते, जाते.

गाय मात्र गाभण आहे.

२४ जुलै, मंगळ.
दिवस मोजले. भाऊजी म्हणतात, गाय दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी बैलाले दाखवली. सूनबाई म्हणते, मंडई झाल्यावर. मंडईत भाऊजीची चप्पल हरवली होती. मंग गाय नेताना पायात चप्पल होती का नव्हती, यावर तासभर. होती! म्हणजे आधीच. म्हणजे गाय पोळ्याच्या चार दिवस अलीकडंच व्येणार. सगळ्याइची तोंडं उतरली. मंग भाऊजीले आठवलं, हरवल्यावर दुसऱ्याच दिवशी नवी घेतली होती. झालं. पुन्हा कोरी पाटी.

सूनबाई या बोलण्यात बसली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

२९ जुलै
मंगी गाईच्या पोटाले तोंड लावून बोलून राहिली, "आत्ता नको येऊ बरं. तेवीस तारखेच्या तान्ह्या पोळ्याले ये. गुरुवार आहे." शाळेतून आली की हेच. गाय कान हलवते. पोट्टीले वाटते, हो म्हणाली.

५ ऑगस्ट, रविवार
धानाच्या रोवणीवरून येताना बोडीच्या तळ्यात पाय धुतले. मंगी संग होती. एकदम विचारलं, "आजी, बाळूले मी पावसात खेळाले नेलं होतं. म्हणून गेला का तो?"

दोन वर्षं हे पोटात घेऊन फिरून राहिली पोट्टी. आम्ही सारे आंधळे.

म्हटलं, "तुह्यात एवढा दम असता तं घागर भरून आणली असती. अर्धी सांडवतेस. तू का माणूस मारशील?"
हसली. मंग नाक पुसलं. माह्याच पदराले.

६ ऑगस्ट
दिवसभर गणपा डोक्यात. माहा मोठा भाऊ. मी सात, तो नऊ. ऐन दिवाळीले गेला, हगवण लागून. आदल्या दिवशी त्याच्या वाटणीची करंजी मी चोरून खाल्ली होती. मले वाटे, उपाशी गेला, माह्यापायी. कोणी विचारलं नाही, मी सांगतलं नाही. माय त्याचं नाव घे ना, आम्हालेबी घेऊ दे ना.

माहेरीबी हेच. दिवाळी बंद. गाय नव्हती, म्हशी होत्या. आत्या म्हणे म्हैस चालत नाही. पाच दिवाळ्या शेजारच्या पणत्या पाहिल्या. सहावी सासरी. तेरा वर्षांची नवरी, अशी पणत्या लावत सुटली की सासू म्हणे, थांब गं माय, घरात फोडणीले तेल राहू दे.

मंग शिकली काय? गेलेल्याचं नाव घ्यावं, जीभ झडत नाही. उरलेल्या लेकराले बसवून विचारावं. आणि करंजी खाल्ली ते बरंच केलं. वाया गेली असती.

१२ ऑगस्ट, रविवार
केशव आला. जेवताना मुद्दाम म्हटलं, "बाळूले भेंडी आवडत नव्हती. मंगीच्या ताटात टाके अन् वर पाहे." मंगी खुदकन हसली. सूनबाई ताट सोडून उठली.
केशव म्हणे, "आई, तुले समजत नाही का?"
समजते. म्हणूनच म्हटलं.

दुपारी तांदूळ पाखडताना सूनबाई आपणहून बोलली. "आई, मले सण नको असं नाही. तान्ह्या पोळ्याले दारात पोट्टे लाकडाचे बैल घेऊन येतात ना, मी मोजते. एक कमी भरते."

तिच्या हातचं सूप घेतलं अन् पाखडत राहिली. मायच्या बाजूचं हे मी शिकलीच नव्हती. मायवर पन्नास वर्षं चिडून होती, पणत्या लावू दिल्या नाही म्हणून. तीबी मोजत असन का? विचारलं नाही कधी. आता ती कुठं.

१८ ऑगस्ट
भाऊजी रोज सकाळी येऊन गाईमागं उभे राहतात, डॉक्टरसारखे. आज म्हणाले, "पाच दिवस काढते." मी म्हटलं, "तुमची चप्पल सांभाळा, तिलेच विचारून मोजायचं आहे." रागावले. ताकाचे दोन गिलास पिऊन गेले.

सूनबाई गोठा झाडते, गाईची पाठ चोळते. तिले म्हणावं नाही लागत.

२१ ऑगस्ट, मंगळ.
व्याली. भर दुपारी. दोन दिवस आधी.

गोऱ्हा आहे. तांबडा, कपाळावर ठिपका. मंगी कमरेवर हात ठेवून गाईले म्हणे, "तुले तेवीस सांगतलं होतं ना! ऐकू येत नाही का!" मंग रडू फुटलं. मी सूनबाईचं तोंड पाहिलं. तिलेबी आशा होती. मले आज कळलं.

पाहिलं कोणी? कोणीच नाही. म्हटलं, गुरुवारी व्याली म्हणून सांगू. तवर गोऱ्हा सैपाकघरात ठेवू, पाजाले तेवढा नेऊन आणू. मी बोलून राहिली तवर सूनबाईनं दाराले पोतं टांगलंबी. तिनं! मी सांगतलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, पोळा
फसलो. भाऊजी बैल धुवून ताकाले आले. आतून गोऱ्हा ओरडला.
"वयनी, काय ओरडलं?"
"माहं पोट."
तिकडून गोठ्यातून गाय हंबरली.
"अन् ते?"
"तिचंबी पोटच."
भाऊजीनं गाईकडं पाहिलं. पोट खपाटीले. जन्म गुरांत गेलेला माणूस, अन् मी त्याले हे सांगून राहिली. उठले, पोतं सरकवलं. गोऱ्हा पिठाच्या डब्यात तोंड घालून उभा, तांबड्याचा पांढरा झालेला. सूनबाई त्याच्यापुढं आडवी उभी, जसा का तो दिसणारच नाही.

भाऊजी हसून हसून खाली बसले. सूनबाईबी हसली. पदर तोंडात घालून, पण हसली. मी कानानं ऐकलं.

मंग भाऊजीनं डोळे पुसले, तोंड मोठं केलं. "पण रीत ते रीत वयनी. आजीनं घालून दिली."
"मीबी आजीच आहो."
भाऊजी ताकाचा दुसरा गिलास न मागता गेले. म्हणजे विचारात पडले.

२३ ऑगस्ट, गुरु.
मंगीनं कोणाले विचारलंच नाही. गोऱ्ह्याच्या गळ्यात रंगीत चिंध्यांची माळ, कपाळाले कुंकू. दोरी धरून निघाली. गल्लीत बाकीचे पोट्टे लाकडाचे बैल चाकावर ओढून राहिले, आमची पोट्टी जिवंत बैल घेऊन. गोऱ्हा चार पावलं जाये अन् बसे. मंगी त्याले ढकले. तेवढ्यात मागून गाय दावं तोडून आली. सारी गल्ली पांगली! एकाचा बैल नालीत, एकाची माय ओट्यावर. आमच्या दिघोरीत असा तान्हा पोळा झाला नसन. बोजारा, म्हणजे दारोदारचा खाऊ, मंगीलेच जास्त भेटला. लाह्या, गूळ, खोबरं. लोकं हसता हसता मूठ मोठी करत.

भाऊजी चौकात पंचासारखे बसून. कोणी तरी विचारलं, "नारबाजी, तुमच्या घरी खोट होती ना?"
म्हणाले, "तान्हा पोळा लाकडाच्या बैलाचा असते. हे जनावर आहे. जनावर फिरवाले बंदी कुठं आहे?"
वा रे पंच! पायाच पडली असती, पण वयनी आहो.

मंगीसंग घरी आली तवा सूनबाई दारात उभी होती. हातात ताट. मंगीले ओवाळलं, गोऱ्ह्याले ओवाळलं. मंग गल्लीतले पोट्टे आले, त्याइच्या लाकडी बैलाइलेबी. एकबी बैल सोडला नाही. मोजले का, विचारलं नाही मी.

२५ ऑगस्ट, शनि.
आता नवीन भांडण. मंगी म्हणते, गोऱ्ह्याचं नाव बाळू. भाऊजी म्हणाले, "माणसाचं नाव जनावराले?" सूनबाई म्हणाली, नाही. ठाम. मंगी म्हणे, मंग तू सांग दुसरं. सूनबाई तेबी सांगत नाही. चार दिवसांचा झाला, बिननावाचा.

सगळ्याइनं माह्याकडं पाहिलं. नाव घ्यावं म्हणणारी मीच. पण उद्या जुंपल्यावर "बाळू, हट" म्हणायचं का? काठी उगारायची का? मले नाही माहीत. असं म्हणाची मले सवय नाही, म्हणून लिहून ठेवते.

अन् खोट? भाऊजी म्हणतात, ते आहेच. पुढच्या साली पाहू. पाहा म्हटलं.

२९ ऑगस्ट, बुध.
मंगी शाळेत. दुपारी मी अंगणात भांडी घासून राहिली. सूनबाई धानाचं तणस घेऊन गोठ्यात गेली. गोऱ्हा लोळून राहिला होता. "ए..." म्हणाली. थांबली. इकडंतिकडं पाहिलं. पुन्हा, "ए..."

पुढं नाव आलं नाही, का हळू आलं, समजलं नाही. मी ताटं आपटून आपटून घासली. तिले वाटावं, बुढीले काही ऐकू येऊन नाही राहिलं.